दातकाका अजून आत आहेत

"मामा, आपल्या सर्व्हरमध्ये परकं कुणी शिरून बसलं, तर तुला कळेल तरी का?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातला नव्हता. टॉवर आणि पोपट या माझ्या दोन मैत्रिणींनी पैज लावून तो माझ्या तोंडात घातला होता. टॉवर वर्गात सगळ्यांत उंच, पोपट सगळ्यांत बडबडी आणि मी मागच्या वर्षापर्यंत सगळ्यांत गप्प. हजेरीला "हजर" म्हणतानासुद्धा मी मान खाली घालायचे. या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत चुकून नाव दिलं, न चुकता बोलले आणि पहिली आले. तेव्हापासून माझी गाडी सुसाट. दुकानदाराला उलटा प्रश्न, बाईंना शंका, बसमध्ये धक्का मारणाऱ्याला चार शब्द. पोपट म्हणाली, एवढी धीट झालीस ना, मग तुझ्या कॉम्प्युटरवाल्या मामाला सगळ्यांसमोर हे विचारून दाखव. शनिवारी दुपारी लॅबमध्ये सगळे जेवायला बसलेले असताना मी पाण्याचा जग त्याच्याकडे सरकवत विचारलं.

मामानं शांतपणे घास गिळला. "कळेल की. दाराबाहेर चपला दिसतील ना."

सगळे हसले. मीही हसले. पण बढाई ऐकली की ती खोटी पाडून दाखवावी असं मला हल्ली फार वाटतं.

लॅब म्हणजे आमची दातांची लॅब. दवाखाना नव्हे. डेंटिस्ट लोक पेशंटच्या तोंडाचा स्कॅन आमच्याकडे पाठवतात आणि त्यावरून आम्ही कॅप, ब्रिज, कधी अख्खी कवळी बनवून देतो. बाबा प्लास्टरचे साचे ओततात, त्यामुळे कोपरापर्यंत त्यांचे हात कायम पांढरे. आई कॉम्प्युटरच्या पडद्यावर दात घडवते. मग ते दात मशीन कोरतं आणि भट्टी भाजते. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, कॉम्प्युटर, वायरी आणि त्यानं हात लावल्यावर बिघडणाऱ्या इतर सर्व वस्तू सांभाळतो. हे वाक्य आईचं आहे.

भट्टीच्या खोलीशेजारच्या कपाटात एक काळा डबा घरघरत असतो. तो सर्व्हर. सगळ्यांचे जबडे, सुळे, दाढा त्याच्या पोटात. लॅबपासून दोन गल्ल्यांवर आमचं घर आहे. संध्याकाळी आई घरूनच रिमोटनं त्या डब्याला जोडून घेते आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून दुसऱ्याची दाढ फिरवत राहते. लॅबमध्ये नुकतीच लागलेली नवी ताईही तिच्या घरून तसंच करते, कारण तिचं बाळ लहान आहे. मामानं एकदा मला समजावलं होतं, की बाहेरून येणाऱ्यांसाठी आत खुर्च्या दोनच. एक आईची, एक नव्या ताईची.

नव्या ताईची खुर्ची आधी दातकाकांची होती.

दातकाका माझ्या जन्माच्या आधीपासून लॅबमध्ये होते. आईला दात घडवायला त्यांनीच शिकवलं. आई त्यांना दादा म्हणायची आणि भांडायचीसुद्धा सख्ख्या भावासारखी. दोन महिन्यांपूर्वी त्यांना पुलापलीकडच्या मोठ्या लॅबमध्ये नव्या मुलांना शिकवायचं काम मिळालं. पाठ दुखायची त्यांची, इथे तासन्‌तास वाकून बसवत नव्हतं. आईला हे सगळं पटत होतं, आणि म्हणूनच बहुतेक ती जास्त चिडली होती.

आमच्या लॅबचा एक नियम आहे. जाणाऱ्यानं दारात थांबून मोठ्यानं "निघतो" म्हणायचं आणि आत असलेल्यांपैकी कुणीतरी "ऐकलं" म्हणायचं. मगच पाऊल बाहेर. कारण फार पूर्वी बाबांनी सगळे गेले असं समजून बाहेरून कुलूप लावलं होतं आणि दातकाका भट्टीच्या खोलीत अडकले होते. शेवटच्या दिवशी दातकाका दारात येऊन "निघतो" म्हणाले. आई भट्टीच्या खोलीत होती. तिला ऐकू गेलं होतं, मी तिच्या शेजारीच होते. ती भट्टीचं झाकण पुसत राहिली. शेवटी बाबांनी प्लास्टर कालवता कालवता "ऐकलं" म्हटलं.

तर सांगायची गोष्ट ही, की दातकाकांचा पासवर्ड मला माहीत होता.

माझे दुधाचे पुढचे दोन दात पडून पटाशीचे नवे दात आले तेव्हा ते माझ्या चेहऱ्याच्या मानानं फारच मोठे होते. दातकाकांनी माझं नाव ससुली ठेवलं. दुसरं कुणी मला त्या नावानं हाक मारत नाही. मी त्यांच्या मांडीवर बसून त्यांच्यासाठी पासवर्ड टाकायचे आणि तो होता ससुलीला गाजर. मामा त्यांना दर थोड्या दिवसांनी सांगायचा, बदला तो, किती सोपा आहे. ते म्हणायचे, बोटांना सवय झालीय रे आता.

रविवारी टॉवरच्या घरी तिच्या लॅपटॉपवर मी सर्व्हरचा पत्ता टाकला. आईसाठी मामा तो टाकतो तेव्हा शेजारी बसून बसून मला तोंडपाठ झालेला. नाव दातकाकांचं, पासवर्ड गाजराचा. पोपट मागून म्हणत होती, नाही होणार, नाही होणार. झालं. पडद्यावर दातकाकांचा तोच जुना पडदा आला, मागे मोठ्या दाढेचा फोटो. पोपट आयुष्यात पहिल्यांदा गप्प झाली.

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पैज जिंकली होती. पण त्यांच्या फोल्डरमध्ये माझ्याच तोंडाचा स्कॅन पडलेला होता. सरावासाठी त्यांनी कधीतरी घेतलेला. मी म्हटलं, थांबा, मी तुम्हांला दात बनवून दाखवते. आणि मी माझा स्वतःचा पटाशीचा दात घडवायला घेतला. कड ओढायची, फुगवायची, थोडी खरवडायची. टॉवरला दाढेवर हसरा चेहरा काढायचा होता, तिला मी हात लावू दिला नाही. पेशंटच्या कुठल्याही फाइलला तर आम्ही बोटसुद्धा लावलं नाही, हे मी शपथेवर सांगते. टॉवरच्या आईनं खालून हाक मारली, मी कोपऱ्यातला क्रॉस दाबला, खिडकी मिटली. आम्ही पळालो.

सोमवारी संध्याकाळी आई जोडायला गेली आणि जोडलं जाईना.

आईची एक सवय इथे सांगायला हवी. पडद्यावर जो काही मेसेज येईल, तो वाचण्याआधी ती ओके दाबते. आगीची सूचना आली तरी ती ओके दाबेल. तर तिनं ओके दाबलं आणि मामाला फोन केला, की तुझा डबा मेला. मामानं फोनवरून उपचार सुरू केले. राउटर बंद करून चालू कर. केबल काढून घाल. मोबाइलच्या नेटवरून बघ. पासवर्ड नीट टाकतेस ना, कॅपिटल अडकलं नाहीये ना. आईनं फोन माझ्या हातात दिला आणि मी टेबलाखाली शिरून वायरी उपसू लागले. मला भयंकर मजा येत होती. मामा म्हणाला, "शाबास इंजिनिअरबाई," आणि मी टेबलाला डोकं आपटून घेतलं.

काही उपयोग झाला नाही. सकाळी मामानं लॅबमध्ये सर्व्हर तपासला, तर तो ठणठणीत. मशीनवर एक ब्रिज कोरला जात होता, मध्येच सर्व्हर बंद केला तर तो वाया गेला असता, म्हणून ते काम संपेपर्यंत मामा कपाटासमोर बसून राहिला. मग बंद करून चालू केला. संध्याकाळी आई आणि नवी ताई दोघीही झटक्यात आत. मामानं कॉलर ताठ केली. आई म्हणाली, बंद करून चालू करायला तुला शिकावं किती लागलं रे?

दोन दिवसांनी माझा दात मला स्वस्थ बसू देईना. टॉवरकडे गेले, आत शिरले, थोडी कड नीट केली, क्रॉस. आणि संध्याकाळी पुन्हा आईचं जोडणं बंद.

असं चालू झालं. मामा बंद करून चालू करायचा, बरं व्हायचं. पुन्हा बिघडायचं. एकदा आईची गाडी अडायची, एकदा नव्या ताईची, जी आधी पोचेल तिचं काम व्हायचं. मामानं घरचा राउटर बदलला. फायरवॉलमध्ये डोकं घातलं. आईचा लॅपटॉप स्वतःच्या घरी नेऊन बघितला. तो बिचारा दाढी करायचा विसरला. एका दवाखान्याची कॅप उशिरा गेली आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आईला फोनवर असं काही सुनावलं, की आई मामावर, मामा नेटवाल्यांवर आणि बाबा कुणावर चिडायचं हे न कळून प्लास्टरवर चिडले. मी प्रत्येक वेळी मदतीला हजर. माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. खरंच नाही. मी शिरायचे दुपारी, बिघडायचं संध्याकाळी. आणि मी तर बाहेर पडलेली असायचे ना.

मग परवाचा दिवस. आई टेबलाशी, तिनं पुन्हा ओके दाबायला बोट उचललं आणि फोनवरून मामा ओरडला, "थांब. ताई, हात मागे घे. पोरीला दे. तू वाच गं काय लिहिलंय ते, ओके दाबू नकोस."

मी वाचलं. इंग्रजीत होतं, त्याचा अर्थ असा, की आत जागा नाही. एका वेळी जेवढ्यांना बसता येतं, तेवढे आधीच बसलेले आहेत.

मामानं मला ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाला, "नवी ताई आत आहे, ती एक. तुझी आई बाहेर. मग दुसरं कोण बसलंय?"

आई तशीच उठली. दोन गल्ल्या आम्ही जवळजवळ धावतच पार केल्या. मामा लॅबमध्ये कपाटासमोर वाकून उभा होता. त्यानं आत बसलेल्यांची नावं उघडली. वर नवी ताई. तिच्याखाली दातकाका.

बाबा साचा हातात धरून दारात आले आणि तसेच उभे राहिले. मामा म्हणाला, "आत्ता ते समोर नाहीयेत. खिडकी बंद आहे, पण माणूस आतच. हे असं होतं बघ. नुसता क्रॉस दाबून गेलं की बाहेर पडत नाही माणूस. साइन आउट करावं लागतं, नाहीतर खुर्ची अडलेलीच राहते."

क्रॉस. टॉवरच्या आईची हाक, आणि क्रॉस. पुन्हा क्रॉस. दारात न थांबता, निघते न म्हणता मी दर वेळी पळाले होते आणि माझ्याऐवजी दातकाका आत बसून राहिले होते.

"कुठून येतात ते दिसतं?" आईनं विचारलं. तिचा आवाज अगदी सपाट होता. मामा म्हणाला, एवढंच कळतंय की आपल्या घरातून नाही, लॅबमधून नाही, बाहेरून कुठून तरी. मग आईनं त्याला विचारलं, की दोन महिने झाले, त्यांचं नाव अजून काढलं का नाहीस. मामा वायरीकडे बघत म्हणाला, "काढवेना गं."

बोलायची वेळ तीच होती. माझं तोंड उघडलंसुद्धा होतं, मला आठवतंय. भर सभागृहात न अडखळता बोललेलं तोंड. पण आईचा चेहरा बघितला आणि ते मिटलं. मी विचार केला, आधी ती जरा शांत होऊ दे.

ती शांत झाली नाही. तिचा फोन घाईत घरीच राहिला होता म्हणून तिनं बाबांना त्यांच्या फोनवरून दातकाकांचा नंबर लावायला सांगितला आणि फोन टेबलावर स्पीकरवर ठेवला. ती म्हणाली, "दादा, तुम्ही अजून आमच्या सर्व्हरवर येता?"

पलीकडून त्यांच्या घरच्या पंख्याचा आवाज ऐकू आला. मग दातकाका म्हणाले, "पोरगी बरी आहे ना? कॉम्प्युटरवर बसते का हल्ली?"

"विषय बदलू नका, दादा."

"नाही बदलत." ते खाकरले. "येतो गं कधीकधी. जुनी सवय. चुकलं माझं."

आईनं फोन बंद केला. तिला वाटलं, त्यांनी विषय बदलला. मला कळलं, की त्यांनी विषय अजिबात बदलला नव्हता. मामा सोडला तर तो पासवर्ड जगात आम्हां दोघांनाच माहीत होता. त्यांनी एका क्षणात हिशेब केला आणि तो स्वतःवर घेतला. आणि मी तिथेच, टेबलापासून हातभर अंतरावर, स्टुलाचं सोललेलं रेक्झिन नखानं आणखी सोलत उभी राहिले.

आई म्हणाली, नाकारलं असतं तर मी त्यांच्यावर विश्वास ठेवला असता. एवढंच म्हणाली. पण घरी जाताना ती बाबांना सांगत होती, की गोष्ट आपल्यापुरती नाही. पेशंटचे स्कॅन आहेत तिथे, डॉक्टर लोक भरवशानं पाठवतात. उद्या ते स्कॅन दुसऱ्या लॅबमध्ये गेले तर आपण काय तोंड दाखवायचं? त्यांच्या मालकांना सांगायलाच हवं. बाबा म्हणाले, एक दिवस थांब. ती म्हणाली, थांबले तर माझ्यानं होणार नाही.

सकाळी मी ठरवूनच उठले. दात घासताना आरशासमोर वाक्यंही जुळवली. स्वयंपाकघरात गेले तर आईचे डोळे सुजलेले. बाबांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, आज तिच्याशी काही बोलू नकोस, डोकं दुखतंय तिचं. आणि मला किती बरं वाटलं, ते सांगायला लाज वाटते. जणू मला सुट्टीच मिळाली. मी शहाण्या मुलीसारखी मान हलवून शाळेत गेले.

मधल्या सुट्टीत टॉवर आणि पोपटला सगळं सांगितलं. टॉवर घाबरली, कारण लॅपटॉप तिचा. पोपट म्हणाली, "तुझं नाव कुठे आलंय? काकांनी स्वतःच कबूल केलंय ना? मग मिटलं की." मला वाटलं, बरोबर आहे. मिटलं. मी डब्यातला घास तोंडात टाकला. पोपट पाठीवर थापा मारत होती आणि मी विचार करत होते, की माझ्या तोंडात जे पुढचे दोन दात आहेत, त्यांना या जगात सगळ्यांत आधी कौतुकानं बघणारा माणूस आत्ता कुठल्यातरी लॅबमध्ये मुलांना शिकवत असेल आणि त्याला माहीतही नसेल, की मालकाच्या टेबलावर फोन वाजतोय. किंवा माहीत असेल. ते तर आणखी वाईट.

शाळा सुटल्यावर घरी न जाता थेट लॅबमध्ये गेले. मामा कपाटासमोर बसला होता. जुनी नावं काढून टाकत होता, सगळ्यांचे पासवर्ड बदलत होता. माझ्याकडे न बघता त्यानं सांगितलं. आईनं सकाळी फोन केला. मालकांनी दातकाकांना विचारलं. ते तिथेही हो म्हणाले. मालकांनी त्यांना आजपासून येऊ नका म्हणून सांगितलं आणि संध्याकाळी लॅब बंद व्हायच्या आत तुमची हत्यारं घेऊन जा, असंही.

हत्यारं म्हणजे मेण कोरायच्या त्यांच्या बारीक पट्ट्या, ब्रश, लाकडी मुठीची सुरी. आमच्याकडून ते घेऊन गेले तेव्हा मीच ती फडक्यात गुंडाळून दिली होती.

"मामा," मी म्हटलं, "चपला दिसल्या असत्या म्हणाला होतास ना तू?"

त्याची बोटं थांबली. तो माझ्याकडे वळला. शनिवारचं ते जेवण, पाण्याचा जग, माझा प्रश्न, सगळं त्याच्या चेहऱ्यावरून सावकाश जाताना मला दिसलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "ससुली म्हणायचे ना ते तुला? गाजर. अरे देवा." आणि दोन्ही हातांनी तोंड चोळलं. मग म्हणाला, "ताईला मी सांगू, की तू सांगतेस?"

मी सांगितलं. आई पडद्यासमोर होती, बाबा साचे घासत होते. आरशासमोर जुळवलेली वाक्यं एकही आली नाहीत. मी शेवटून सुरुवात केली, मग मधलं सांगितलं, मग पैज. आईनं चष्मा काढला. ती म्हणाली, "तू त्यांच्यासाठी खोटं बोलतेयस. तुझा जीव आहे त्यांच्यावर, माहितेय मला."

हे मला अपेक्षितच नव्हतं. एवढा धीर गोळा करून खरं सांगावं आणि ते खोटं ठरावं.

मी मामाला म्हटलं, त्यांच्या फोल्डरमधली शेवटची फाइल उघड. त्यानं ते फोल्डर अजून पुसलं नव्हतं. फाइल उघडली. पडद्यावर एक दात गोल गोल फिरू लागला. पटाशीचा, वरचा, डावा. एका बाजूनं बटाट्यासारखा फुगलेला, मुळाशी ओबडधोबड. आणि खालच्या कोपऱ्यात एक छोटासा टवका उडालेला. सायकलवरून पडले होते मी, तेव्हाचा. तो तेवढा मात्र मी अगदी हुबेहूब जमवला होता.

आईनं आयुष्यभर दातच बघितलेत. तिनं पडद्याकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. मला ओठ मिटून घ्यावेसे वाटले, पण मी तसेच ठेवले.

"दादांनी असा दात जन्मात घडवला नसता," ती म्हणाली. आणि मग तिला काय झालं कोण जाणे, ती खुर्चीच्या पाठीला धरून बसली आणि म्हणाली, "ते हो का म्हणाले? आणि मी ऐकून कसं घेतलं?" बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. पाचही बोटं तिच्या अॅप्रनवर पांढरी उमटली. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझे बाबा चिडले की बोलतात, फार दुखावले की साचे मोजायला लागतात. ते साचे मोजत होते.

थोड्या वेळानं आईनं डोळे पुसले आणि फोन ओढला. मी त्यांच्या मालकांना सांगते म्हणाली, माझी चूक झाली म्हणते, तू घरी जा, हातपाय धू, काहीतरी खा, हे मोठ्यांचं आहे, मी निस्तरते. ती मला वाचवत होती. कालपासून मला दुसऱ्यांदा कुणीतरी वाचवत होतं, आणि क्षणभर मला ते हवंहवंसंही वाटलं. फोन आईनं करायचा, मी घरी पंख्याखाली बसायचं. पुन्हा एक क्रॉस. खिडकी बंद.

मी फोनवर हात ठेवला.

"नको, आई. काल फोन चालू होता तेव्हा मी इथेच उभी होते आणि गप्प बसले. आता फोन नको. मी जाते. पुलापलीकडे, त्यांच्या लॅबमध्ये. ते हत्यारं न्यायला येतील तेव्हा मालकांसमोर, तिथल्या मुलांसमोर सांगणार आहे, की आत मी शिरले होते, ते नाही. मालक ऐकतील, नाही ऐकणार, मला माहीत नाही. नाही ऐकलं तर उद्या परत जाईन. तुम्ही दोघं नंतर या, तुम्हांलाही त्यांच्याशी बोलायचं असेल. पण आधी मी. आणि मला कुणी सोडायला यायचं नाही."

बाबांची मोजणी थांबली. मामानं कपाटाकडे तोंड फिरवलं. मी दप्तर खांद्याला लावलं, दारापर्यंत गेले, पण बाहेर पाऊल टाकलं नाही. उंबऱ्याशी थांबले, आईकडे वळले आणि भट्टीच्या खोलीपर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं, "निघते."